जॉन पोस्टेल: इंटरनेटवरच्या नावांचा हिशेब ठेवणारा माणूस आणि आपल्या लिनक्समधली एक छोटी फाईल



आपण मोबाईलवर एखाद्या वेबसाईटचं नाव टाईप करतो आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत ती समोर उघडते. पण त्या नावामागचा खरा पत्ता आपल्या फोनला कोण सांगतं? आणि त्याने सांगितलेला पत्ता बरोबर आहे यावर आपण विश्वास का ठेवतो? आजच्या लेखात आपण लिनक्समधलं डीएनएस सेटिंग समजून घेणार आहोत आणि सोबत एका अशा माणसाची गोष्ट वाचणार आहोत, ज्याच्याशिवाय हे सेटिंग आज आहे तसं नसतं. त्यांचं नाव जॉन पोस्टेल.

एक सूचना आधीच देतो. या लेखात फाईलची आणि कमांडची नावं मी देवनागरीत लिहिली आहेत. टाईप करताना ती इंग्रजीत, सगळी लहान अक्षरं वापरून टाका.

फॉर्म भरायची शेवटची संध्याकाळ

या विषयाशी माझी ओळख झाली ती घाबरलेल्या अवस्थेत. मी हॉस्टेलला होतो. सेकंड हँड लॅपटॉप आणि त्यावर उबुंटू. शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायची मुदत त्याच दिवशी रात्री बारापर्यंत होती आणि साडेनऊला एकही साईट उघडेना. वाय-फाय जोडलेलं दिसत होतं, सिग्नल फुल होता. मोबाईलचा त्या दिवसाचा डेटा मी दुपारीच संपवला होता. ही शिष्यवृत्ती गेली असती तर पुढच्या सत्राची फी कुठून आणायची, हा प्रश्नच होता.

शेजारच्या खोलीतला एक सिनियर आला. त्याने मला टर्मिनल उघडायला लावलं. आधी पिंग कमांडपुढे ८.८.८.८ हा पत्ता टाकला. उत्तरं धडाधड येऊ लागली. मग त्याच कमांडपुढे साईटचं नाव टाकलं. काहीच नाही. म्हणजे रस्ता चालू होता, फक्त पत्ता सांगणारा गायब होता. हॉस्टेलच्या राउटरने माझ्या लॅपटॉपला ज्या डीएनएस सर्व्हरकडे पाठवलं होतं, तोच बंद पडला होता.

त्याने ईटीसी फोल्डरमधली रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ नावाची फाईल उघडली. नेमसर्व्हर या शब्दापुढचा आकडा खोडून ८.८.८.८ लिहिलं आणि फाईल सेव्ह केली. साईट उघडली! सव्वादहाला माझा फॉर्म गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅपटॉप चालू केला तर पुन्हा तेच. फाईल उघडून पाहिली, आमचा बदल गायब. तेव्हा ठरवलं की हे प्रकरण मुळापासून समजून घ्यायचं. वाचत वाचत मागे जात राहिलो, तसतसं एक नाव सारखं समोर येऊ लागलं. पोस्टेल.

एकाच शाळेचे तिघे आणि चार कॉम्प्युटर

जॉन पोस्टेल यांचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ रोजी अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात, अल्टाडीना इथे झाला. लॉस एंजेलिसच्या व्हॅन नाइस हायस्कूलमध्ये ते शिकले. याच शाळेतून स्टीव्ह क्रॉकर आणि व्हिंट सर्फ हे दोघेही बाहेर पडले. पुढे तिघेही कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत, म्हणजे यूसीएलएमध्ये होते आणि तिघांचीही नावं इंटरनेटच्या इतिहासात कायमची कोरली गेली.

पोस्टेल यांनी १९६६ मध्ये पदवी घेतली, १९६८ मध्ये पदव्युत्तर पदवी आणि १९७४ मध्ये कॉम्प्युटर सायन्समधली डॉक्टरेट. पण खरी गोष्ट सुरू होते १९६९ मध्ये. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशातून अर्पानेट नावाचं नेटवर्क उभं राहत होतं. सुरुवातीला त्याची ठिकाणं होती फक्त चार. त्यातलं पहिलं यूसीएलए आणि दुसरं स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट, म्हणजे एसआरआय. २९ ऑक्टोबर १९६९ ला या दोघांमध्ये पहिला संदेश गेला. लॉगिन या शब्दातली पहिली दोन अक्षरं पोहोचली आणि समोरचा कॉम्प्युटर बंद पडला! पोस्टेल तेव्हा त्याच प्रयोगशाळेत काम करणारे विद्यार्थी होते.

हे कॉम्प्युटर एकमेकांशी कोणत्या नियमांनी बोलणार हे ठरवणारं कुणी मोठं साहेब मंडळ नव्हतं. हे विद्यार्थीच आपापसात टिपणं लिहायचे. क्रॉकर यांनी एप्रिल १९६९ मध्ये पहिलं टिपण लिहिलं आणि या मालिकेला नाव दिलं रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स, थोडक्यात आरएफसी. नावातच नम्रपणा बघा. हा आमचा हुकूम नाही, हे वाचा आणि तुमचं मत सांगा, असा त्याचा भाव. या टिपणांचं संपादन करायची जबाबदारी पोस्टेल यांच्याकडे आली आणि ती त्यांनी मरेपर्यंत, म्हणजे जवळजवळ २९ वर्षं सांभाळली. आज आपण ज्याला इंटरनेटचे नियम म्हणतो ते याच टिपणांत लिहिलेले आहेत.

नंबर कोण देणार?

नेटवर्क वाढलं की एक कंटाळवाणा पण महत्त्वाचा प्रश्न उभा राहतो. एका कॉम्प्युटरवर मेलही येणार, फाईलही येणार. कुठली गोष्ट कुठल्या दारातून आत घ्यायची? त्यासाठी प्रत्येक सेवेला एक ठरलेला नंबर हवा. दोन जणांनी एकच नंबर वापरला तर गोंधळ. म्हणजे कुणीतरी एकाने यादी ठेवली पाहिजे.

मे १९७२ मधल्या ३४९ क्रमांकाच्या टिपणात पोस्टेल यांनी सुचवलं की हे नंबर वाटायला एक मुखत्यार नेमावा, आणि कंसात, जरा चाचरतच, ते काम मीच करू का असंही विचारलं. कुणी हरकत घेतली नाही. तेव्हापासून नंबर हवा असला की पोस्टेल यांना विचारायचं, ही पद्धत पडली. या कामाला पुढे आयाना असं नाव मिळालं. नाव ऐकून मोठं कार्यालय डोळ्यांसमोर येतं, पण बरीच वर्षं आयाना म्हणजे पोस्टेल आणि त्यांच्या सहकारी जॉयस रेनॉल्ड्स, एवढंच होतं. मेलसाठी २५, वेबसाठी ८०, डीएनएससाठी ५३ हे पोर्ट नंबर याच यादीतले. तुमचा फोन आजही नेहमीच्या पद्धतीने नाव विचारायला जातो तो ५३ नंबरच्या दारावर.

१९७७ मध्ये पोस्टेल सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या इन्फर्मेशन सायन्सेस इन्स्टिट्यूटमध्ये आले. ही संस्था समुद्रकाठी, मरीना डेल रे इथे आहे. इथून ते शेवटपर्यंत हलले नाहीत. लांब दाढी, पायात सँडल, कमी बोलणं आणि सुट्टीत डोंगर भटकणं, असं त्यांचं राहणं. पण लिहायला बसले की एक शब्द इकडचा तिकडे नाही. सप्टेंबर १९८१ मध्ये आयपी आणि टीसीपी या दोन नियमावल्या त्यांच्या संपादनाखाली आल्या. इंटरनेट आजही त्यांच्याच पायावर उभं आहे. ईमेल पाठवण्याची एसएमटीपी ही नियमावली त्यांनी १९८२ मध्ये लिहिली. त्यांचं एक तत्त्व आजही प्रोग्रामर मंडळी सांगतात: आपण पाठवताना काटेकोर असावं, दुसऱ्याचं घेताना मोकळ्या मनाने घ्यावं. प्रोग्रामसाठी लिहिलेलं हे तत्त्व पोस्टेल माणसांशीही पाळत असावेत, असं त्यांच्याबद्दल वाचताना मला सारखं वाटत राहिलं.

एकच यादी, सगळ्यांची

आता नावांकडे येऊ. तुमच्या फोनमध्ये आईचा नंबर आई या नावाने सेव्ह असतो. तुम्ही नाव दाबता, फोन नंबर लावतो. अर्पानेटवर असंच होतं. हॉस्ट्स डॉट टीएक्सटी नावाची एक फाईल होती आणि तिच्यात नेटवर्कवरच्या प्रत्येक कॉम्प्युटरचं नाव आणि पत्ता होता. एसआरआयमध्ये एलिझाबेथ फाइनलर आणि त्यांची टीम ही यादी ठेवायची. नवा कॉम्प्युटर आला की त्यांना कळवायचं, त्या यादीत टाकणार आणि बाकीचे सगळे ती यादी स्वतःकडे उतरवून घेणार.

त्या यादीचं बाळ अजून तुमच्या लिनक्समध्ये आहे. ईटीसी फोल्डरमधली हॉस्ट्स नावाची फाईल उघडा. १२७.०.०.१ आणि त्यापुढे लोकलहोस्ट अशी ओळ दिसेल. या फाईलमध्ये तुम्ही लिहिलेला पत्ता शक्यतो सगळ्यात आधी मानला जातो. क्रम कुठे ठरतो? त्याच फोल्डरमधल्या एनएसस्विच डॉट कॉन्फ या फाईलमध्ये. तिथे हॉस्ट्स या शब्दापुढे फाईल्स हा शब्द डीएनएसच्या आधी लिहिलेला असतो. म्हणजे आधी स्वतःची यादी बघ, नसेल तर बाहेर विचार.

सगळ्यांची मिळून एक यादी, हा प्रकार कॉम्प्युटर थोडे असताना ठीक होता. पुढे रोज नवे कॉम्प्युटर येऊ लागले. यादी फुगली, ती उतरवून घेणाऱ्यांची गर्दी वाढली आणि उतरवून होईपर्यंत यादी जुनी व्हायला लागली. शिवाय एक नाव दोघांना नकोच, म्हणून प्रत्येक नाव एकाच ठिकाणी तपासायचं. हे चालणार नव्हतं.

१९८२ मध्ये पोस्टेल यांनी झॉ-सिंग सू यांच्यासोबत, नावं टप्प्याटप्प्याने कशी रचावीत यावर टिपण लिहिलं. त्यानंतर यावर वेगवेगळ्या लोकांच्या वेगवेगळ्या सूचना आल्या. त्यांचा मेळ घालायचं काम पोस्टेल यांनी आपल्याच संस्थेतल्या पॉल मोकापेट्रिस या तरुणाला दिलं. मोकापेट्रिस यांनी मेळ घालत बसण्यापेक्षा नवीच पद्धत आखली आणि नोव्हेंबर १९८३ मध्ये ती मांडली. हीच डोमेन नेम सिस्टीम, आपली डीएनएस. मला यात आवडलेली गोष्ट अशी की पोस्टेल यांनी आपला हट्ट धरला नाही. चांगलं काम समोर आल्यावर ते त्याच्या मागे उभे राहिले आणि ते अमलात कधी, कसं आणायचं याचं वेळापत्रक स्वतः लिहिलं.

डॉट कॉमपासून डॉट इनपर्यंत

नव्या पद्धतीत पूर्ण यादी कुणाकडेच नसते. सगळ्यात वर असतात रूट सर्व्हर. त्यांना फक्त एवढंच माहीत असतं की डॉट कॉमबद्दल कुणाला विचारायचं आणि डॉट इनबद्दल कुणाला. डॉट इनवाल्याला माहीत असतं त्याच्या खालच्या नावांचं. असं विचारत विचारत खाली जायचं. अनोळखी गावात आपण हेच करतो. आधी स्टँडवर तालुक्याचा रस्ता विचारतो, मग तालुक्याला गाव, मग गावात घर.

सर्वात वरची नावं कोणती असावीत? ऑक्टोबर १९८४ मधल्या टिपणात पोस्टेल आणि रेनॉल्ड्स यांनी ती मांडली: कॉम, एज्यु, गव्ह, मिल, ऑर्ग आणि शिवाय प्रत्येक देशासाठी दोन अक्षरं. देशांची अक्षरं त्यांनी स्वतः ठरवली नाहीत. आयएसओची ३१६६ नावाची आंतरराष्ट्रीय यादी तयार होती, तीच घेतली. यामागचा विचार त्यांनी मार्च १९९४ च्या १५९१ क्रमांकाच्या टिपणात स्पष्ट लिहिला. कोणता प्रदेश देश आहे आणि कोणता नाही हे ठरवणं आपलं काम नाही, म्हणून दुसऱ्याची यादी. आणि डोमेन ज्याच्याकडे सोपवलं तो त्याचा मालक नाही, विश्वस्त आहे. हक्काची भाषा बोलू नका, जबाबदारीची बोला, असा त्या टिपणाचा सूर आहे.

भारताचं डॉट इन हे डोमेन मे १९८९ मध्ये नोंदलं गेलं, आणि सुरुवातीची वर्षं ते सांभाळलं मुंबईत, जुहूला असलेल्या एनसीएसटी या संस्थेने. मरीना डेल रे मधल्या त्या यादीत आपली एक ओळ होती आणि तिची पुढची जबाबदारी जुहूला होती! २००५ पासून हे काम निक्सीकडे आहे. २०१४ पासून तर डॉट भारत हे देवनागरीतलं डोमेनही आहे, आणि मराठी नावं त्यात घेता येतात.

आता ती फाईल

डीएनएसचे नियम ठरले, तरी प्रत्येक कॉम्प्युटरवर ते चालवणारं सॉफ्टवेअर हवं होतं. ते १९८४ च्या सुमारास बर्कलीच्या विद्यार्थ्यांनी युनिक्ससाठी लिहिलं. त्याचं नाव बाइंड. तिथूनच युनिक्सला ही रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ फाईल मिळाली आणि पुढे ती लिनक्स, फ्रीबीएसडी सगळीकडे गेली. या फाईलमध्ये काय असतं ते बघू.

नेमसर्व्हर: या शब्दापुढे एक पत्ता. नावं कुणाला विचारायची ते इथे लिहायचं. अशा ओळी जास्तीत जास्त तीन चालतात. चौथी लिहिली तर तिच्याकडे लक्षच दिलं जात नाही. इथे आकड्यातलाच पत्ता लागतो, नाव चालत नाही, कारण नाव शोधायला पुन्हा कुणालातरी विचारावं लागेल!

सर्च: कॉलेज किंवा ऑफिसच्या नेटवर्कमध्ये उपयोगी. तुम्ही नुसतं लायब्ररी असं टाईप केलं तर त्यापुढे कोणतं डोमेन जोडून बघायचं ते इथे लिहितात.

ऑप्शन्स: बारीकसारीक नियम. यातला टाइमआउट लक्षात ठेवा. काही लिहिलं नसेल तर तो ५ सेकंद असतो. पहिला नेमसर्व्हर मेलेला असेल तर तुमचा कॉम्प्युटर ५ सेकंद वाट बघतो आणि मग दुसऱ्याकडे जातो. साईट उघडते, पण प्रत्येक वेळी रखडत. नेट स्लो आहे म्हणून आपण कंपनीला शिव्या देतो आणि दोष या ओळीत असतो.

मग माझा बदल दुसऱ्या दिवशी का उडाला? कारण नव्या उबुंटूमध्ये ही खरी फाईल नसून दुसऱ्या फाईलकडे नेणारी पाटी असते. खरी फाईल रन नावाच्या फोल्डरमध्ये असते. ते फोल्डर मेमरीत राहतं, म्हणून मशीन बंद केलं की पुसलं जातं. सिस्टमडी-रिझॉल्व्हड नावाचा प्रोग्राम ती फाईल पुन्हा तयार करतो आणि त्यात १२७.०.०.५३ असा पत्ता लिहितो. १२७ ने सुरू होणारा पत्ता म्हणजे आपलंच मशीन. म्हणजे सगळे प्रश्न आधी त्या प्रोग्रामकडे जातात आणि तो बाहेर विचारतो. तो बाहेर कुणाला विचारतोय ते बघायचं असेल तर रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस ही कमांड द्या.

कायमचा बदल असा करा:

१. सेटिंग्जमध्ये वाय-फाय उघडा आणि तुमच्या नेटवर्कसमोरच्या गिअरच्या चिन्हावर क्लिक करा.
२. आयपीव्ही४ या टॅबमध्ये डीएनएससमोरचं ऑटोमॅटिक बंद करा.
३. खालच्या चौकटीत पत्ते लिहा, दोन असतील तर मध्ये स्वल्पविराम द्या. ८.८.८.८ गूगलचा आहे, १.१.१.१ क्लाउडफ्लेअरचा, ९.९.९.९ क्वाड९ चा.
४. अप्लाय करा आणि वाय-फाय एकदा बंद करून चालू करा.

तपासायला डिग ही कमांड आहे. फक्त एक लक्षात ठेवा, डिग स्वतः हॉस्ट्स फाईल बघत नाही, नेमसर्व्हरला विचारते. हॉस्ट्स फाईलसकट पूर्ण क्रमाने उत्तर हवं असेल तर गेटएंट हॉस्ट्स आणि पुढे नाव असं टाका. दोघींची उत्तरं वेगळी आली तर आधी स्वतःची हॉस्ट्स फाईल तपासा.

२८ जानेवारी १९९८

आता गोष्टीचा तो भाग, जो वाचल्यावर मी नेमसर्व्हरच्या ओळीकडे वेगळ्या नजरेने बघायला लागलो.

१९९३ पासून डॉट कॉमसारखी नावं नोंदवण्याचं काम अमेरिकन सरकारच्या कराराने नेटवर्क सोल्युशन्स या कंपनीकडे होतं. १९९५ पासून त्या नावांना वर्षाला ५० डॉलर फी लागली. वेब वाढत होतं, नावांना सोन्याचा भाव येत होता. नवी डोमेन कोण आणणार, रूटची यादी शेवटी कुणाची, यावरून कंपन्या, सरकार आणि तंत्रज्ञ यांच्यात जोरदार वाद पेटला. पोस्टेल यांच्याकडे या सगळ्यावर अधिकार सांगणारा कुठला कायदा नव्हता. सरकारी संशोधनाचं एक कंत्राट आणि लोकांचा विश्वास, एवढंच होतं.

रूट सर्व्हर तेव्हाही १३ होते. मुख्य सर्व्हर नेटवर्क सोल्युशन्सकडे आणि बाकीचे त्याच्यावरून यादी उतरवून घ्यायचे. २८ जानेवारी १९९८ रोजी पोस्टेल यांनी रूट सर्व्हर चालवणाऱ्या आठ जणांना ईमेल पाठवला. यापुढे यादी कंपनीच्या मशीनवरून न घेता माझ्या मशीनवरून घ्या, एवढंच त्यात होतं. आठही जणांनी ते केलं. ना करार, ना हुकूम. पोस्टेल सांगताहेत, बस्स.

यादी दोन्हीकडे सारखीच होती, त्यामुळे जगात कुणाचीही साईट बंद पडली नाही. कुणाला कळलंही नाही. पण वॉशिंग्टनमध्ये खळबळ उडाली. जगातल्या नावांच्या शिखरावरची एक ओळ एका प्राध्यापकी थाटाच्या माणसाने एका ईमेलवर बदलली होती! अध्यक्ष क्लिंटन यांचे सल्लागार इरा मॅगझिनर यांनी हे थांबवायला लावलं. आठवड्याभरात पोस्टेल यांनी सगळं पूर्ववत केलं. ही चाचणी होती, असं त्यांचं म्हणणं होतं. चाचणी होती की या यादीवर सरकारची मालकी नाही हे दाखवून देणं होतं, यावर आजही वाद होतात.

मला विचाराल तर त्या आठवड्यात दोन्ही गोष्टी दिसल्या. पोस्टेल यांच्यावर लोकांचा किती विश्वास होता ते दिसलं. आणि सगळं जग एका माणसाच्या चांगुलपणावर ठेवणं किती धोक्याचं आहे तेही दिसलं. उद्या त्या खुर्चीत दुसरा कुणी असता तर? हे पोस्टेल यांनाही कळत असावं. कारण त्या वर्षी ते स्वतःच्या जागी एक संस्था उभी करायच्या कामाला लागले. आयकॅन ही ना-नफा संस्था ३० सप्टेंबर १९९८ रोजी स्थापन झाली.

पण तिचं काम मार्गी लागलेलं बघायला ते राहिले नाहीत. त्यांना हृदयाच्या झडपेचा जुना त्रास होता. शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत झाली आणि १६ ऑक्टोबर १९९८ रोजी लॉस एंजेलिसमध्ये त्यांचं निधन झालं. वय अवघं ५५. त्यांच्याच शाळेतून आलेले व्हिंट सर्फ यांनी त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला आणि तो छापला गेला आरएफसी म्हणूनच, क्रमांक २४६८. ज्या मालिकेची टिपणं पोस्टेल यांनी आयुष्यभर तपासली, तिच्यातच त्यांचा निरोप. हे टिपण तपासायला मात्र ते नव्हते.

रूटच्या यादीवरची अमेरिकन सरकारची देखरेख १ ऑक्टोबर २०१६ ला संपली. पोस्टेल जाऊन तेव्हा जवळपास १८ वर्षं झाली होती.

तुमच्या फोनमध्ये

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे लॅपटॉप नाही, मोबाईलच आहे. अँड्रॉइडच्या पोटातही लिनक्सच आहे, पण तो रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ वापरत नाही. तिथे अँड्रॉइड ९ पासून प्रायव्हेट डीएनएस नावाचं सेटिंग आहे. सेटिंग्ज उघडून वरच्या शोधपट्टीत प्रायव्हेट डीएनएस टाका, लगेच सापडेल. इथे आकडा नाही, सर्व्हरचं नाव लिहायचं, उदाहरणार्थ डीएनएस डॉट गूगल. फायदा असा की तुमचा प्रश्न कुलूपबंद पाकिटातून जातो. कॅफे किंवा स्टेशनवरच्या वाय-फायवाल्याला तुम्ही कोणतं नाव विचारलंत ते वाचता येत नाही.

पण ज्याला विचारताय त्याला ते कळतंच, हे विसरू नका. हॉस्टेलमधल्या त्या रात्री मी घाईत एक आकडा बदलला आणि माझा फॉर्म गेला, त्याचा आनंद आजही आहे. तेव्हा मात्र मी एकदाही विचारलं नव्हतं की हा ८.८.८.८ कोण. त्या क्षणापासून मी कोणत्या साईटवर जातो हे त्याला कळणार होतं, आणि तो सांगेल तोच पत्ता मी खरा मानणार होतो. यूट्यूबवरच्या कुठल्यातरी व्हिडिओत नेट फास्ट करायची ट्रिक म्हणून अनोळखी डीएनएस पत्ता दिलेला असतो आणि आपण तो डोळे झाकून टाकतो. त्या पत्त्याच्या मागे बसलेल्याने बँकेच्या नावावर भलताच पत्ता सांगितला तर?

म्हणून आता नेमसर्व्हरपुढे आकडा लिहिण्याआधी मी तो कुणाचा आहे, त्याने माझी माहिती किती दिवस ठेवायचं जाहीर केलंय, हे शोधतो. दोन मिनिटं लागतात. पोस्टेल यांच्यावर लोकांनी विश्वास ठेवला, पण तो जवळजवळ तीस वर्षांच्या चोख हिशेबाकडे बघून. आपण निदान दोन मिनिटं तरी बघावं ना!

आज घरी गेल्यावर एक काम करा. लॅपटॉप असेल तर रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस टाका, फोन असेल तर प्रायव्हेट डीएनएस उघडा, आणि तुमचे प्रश्न सध्या कुणाकडे जाताहेत ते नुसतं वाचा. बदलायचं की नाही ते नंतर ठरवा.